गाय पान्हा कां चोरते?

“पान्हा चोरणारी गाय” असा शब्दप्रयोग आपणां शेतकऱ्यांत रूढ आहे; परंतु त्यांत गाईवर अन्याय होतो, असें आमचें मत आहे. गाय बुद्धिपुरस्सर दूध लपवीत नाहीं. वासरूं सडांस लागलें, अथवा चरवीचा ओळखीचा आवाज कानीं पडला, म्हणजे तिच्या मेंदूखालील ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत उतरतो व त्यायोगें कासेंतील दूध सडांत येतें. भय वाटलें कीं दुसरा एक रस त्याच्या आड येतो.

यांपैकीं चरवीच्या आवाजाची ओळख जन्मजात नव्हे. ती शिकलेली असते. रशियांतील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून हाच नियम दाखविला. अन्नापूर्वीं ठराविक आवाज वारंवार ऐकविल्यास पुढें नुसत्या आवाजानेंच कुत्र्यास लाळ सुटे. आणि आवाजामागून अन्न येईनासें झालें कीं ती लाळही हळूहळू थांबे. (त्यांस १९०४ सालीं मिळालेलें नोबेल पारितोषिक पचनक्रियेच्या संशोधनाबद्दलचें होतें, हा नियम त्याच कामांतून हातीं लागला.)

वासरूं दगावलें म्हणजे दुभतें आटलें, असें आमच्या एकलहऱ्याकडेही पुष्कळजण धरून चालतात. कोणी कातड्यांत भुसा भरून पुढें ठेवितात. त्यापेक्षां व्याल्यापासूनच क्रम लावावा. प्रथम चरवी वाजवावी, लागलीच आंबोणाची पाटी पुढें करावी, मग कांस धुवावी. वेळ व शक्यतों माणूस बदलूं नये. चरवी वाजवून पाटी न देणें हें तर संवय मोडण्याचें साधन होय. म्हशीस पान्हा सोडण्यास अधिक वेळ लागतो, तेव्हां तेथें धीर धरावा. मात्र पान्हा सुटल्यावर थांबूं नये. रसाचा जोर कांहीं मिनिटेंच असतो, आणि गप्पा मारणाऱ्या गड्याच्या हातून राहतें तें शेवटचें, सर्वांत स्निग्ध दूध.

लाथेचें कारण निराळें. अमेरिकेंतील थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवरून असें दाखविलें कीं, ज्या कृतीमागून प्राण्याची इच्छा पुरी होते ती कृति पक्की होते. पहिलटकरीण लाथ मारते, गडी चरवी घेऊन उठतो, धार थांबते. तिला हवें होतें तेंच मिळालें! उद्यां ती पुन्हां मारील. काठी उगारावी तर पान्हा जातो. म्हणून चरवी दूर ठेवावी, पण ती स्थिर होईपर्यंत हात काढूं नये. आणि कालवड गाभण असतांच तिच्या अंगावरून व कासेवरून हात फिरविण्याचा प्रघात ठेवावा.

कोणी सुई टोचून पान्हा काढतात. दूध वाढविण्यासाठीं दुभत्या जनावरास असें टोचणें १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. शिवाय सुईची संवय जडलेलें जनावर पुढें चरवीस दाद देत नाहीं.

शांत गाय एकाएकीं लाथा मारूं लागली, तर मात्र प्रथम सडांस चीर वा कासेस सूज आहे काय, तें पहावें व पशुवैद्यास दाखवावें.