जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार करणें आणि नवें देवालय बांधणें हीं दोन भिन्न कार्यें होत. जें शाबूत असेल तें राखावें, जें झिजलें असेल तेवढेंच बदलावें, हा जीर्णोद्धाराचा नियम. जुन्या यंत्रासही तोच लागू पडतो. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कांहीं मराठी कुटुंबांच्या घरांभोवतीं हिरवळीचें विस्तीर्ण आवार असतें, आणि बागेच्या कामाचा एखादा जुना ट्रॅक्टर घेऊन तो स्वहस्तें दुरुस्त करण्याची हौस तेथील तरुण मंडळींस होते. माझ्या चिरंजिवांस ती झाली, त्यामुळें हें कार्य मला जवळून पाहावयास मिळालें. प्रथमच असें यंत्र घेणारांस उपयोगी पडेल तेवढें येथें सांगतों.

आमचा ट्रॅक्टर ‘कब कॅडेट’ जातीचा, पहिल्या नमुन्यांतला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९६० सालीं केंटकी राज्यांतील लुईव्हिल येथें त्याचें उत्पादन सुरू केलें व १९८१ सालीं हा व्यवसाय एमटीडी कंपनीस विकला. शेतावरील ट्रॅक्टराचेंच हें धाकटें भावंड: अंग पिवळें, चाकें पांढरीं, आणि कोहलर कंपनीचें ७ अश्वशक्तीचें, एका सिलिंडरचें, हवेनें थंड राहणारें पेट्रोल-एंजिन.

नव्या धन्यास पहिला मोह होतो तो यंत्र चालू करून पाहण्याचा. तो आवरावा. ह्या एंजिनांत तेल चढविणारा पंप नाहीं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास पळीसारखा एक भाग असतो. तो तळच्या तेलांत बुडून तें चोहोंकडे उडवितो, एवढीच वंगणाची व्यवस्था. तेल कमी असेल किंवा साकळून त्याचा चिखल झाला असेल, तर रॉड अडकून मोडतो आणि प्रसंगीं बाहेरचें बिडाचें कवचही फोडतो. म्हणून प्रथम जुनें तेल काढून नवें भरावें. नंतर एंजिनावरील पत्र्याचें आवरण उघडावें. तेथें उंदीर घरटें करतात, आणि हवेच्या वाटा बुजल्या कीं एंजिन तापून बिघडतें. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्यें थोडें पातळ तेल सोडावें, एकदोन दिवस धीर धरावा, आणि फ्लायव्हील हातानें फिरवून पाहावें. न फिरल्यास पुन्हा तेल सोडावें. बळजबरी करूं नये. टाकींत वर्षानुवर्षें राहिलेलें पेट्रोल डिंकासारखें होऊन कार्बुरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितें, तीं साफ करावीं. ठिणगीची वेळ साधणाऱ्या ‘पॉइंट्स’मधील फट ०.०२० इंच ठेवावी.

रंगाची घाई नको. त्या काळच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांस फार अपायकारक. तो कोरडा घासूं नये. ओला करून, नाकातोंडावर योग्य आच्छादन घेऊन, घरापासून व मुलांपासून दूर घासावा.

येथवर जुनें राखण्याचा नियम झाला. परंतु एका बाबतींत तो बाजूस ठेवावा. चालक आसनावरून उठतांच एंजिन बंद पाडणारी कळ आजच्या ट्रॅक्टरांस असते; ह्या जुन्या यंत्रास ती नव्हती. चालक खालीं पडला तरी गवत कापणारें पातें फिरतच राहतें. ती कळ जाणकाराकडून बसवून घ्यावी. पात्याशीं हात नेण्यापूर्वीं स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. आणि नातवानें कितीही हट्ट धरला, तरी त्यास मांडीवर घेऊन फेरी मारूं नये. आमच्या घरीं ह्यावरून दोन दिवस अबोला झाला, पण कोणीही त्याचा हट्ट पुरविला नाहीं.