शेजारी-शेजारी नकोत हं!

  कर्नाटकात लॉटरीची टपरी दिसेल? छे! त्या राज्यानं 2007 साली लॉटरी बंदच करून टाकली. शेजारच्या केरळात मात्र ती जोरात चालते. आपल्या महाराष्ट्रातही 1969 पासून सरकारी लॉटरी आहे.

टपरीवरची गंमत माहितीये? तिकिटावर नंबर आधीच छापलेला असतो. तरी काका अख्खी चळत चाळतात! "शेवटी 7 आहे का हो?" "हे नको, 13 आलाय!"

पण 7 नं खरंच काही फरक पडतो का?

मुळीच नाही! समज, तुझ्या वर्गात 49 मुलं आहेत. बाईंनी सगळ्यांचे रोल नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले, बिस्किटाच्या डब्यात टाकले आणि डबा खळखळ हलवला. आज कुणाचा वाढदिवस, काल कुणाचा नंबर निघाला, चिठ्ठीला काय पत्ता?

माणसाला मात्र सगळं आठवतं! काही लॉटऱ्यांत आकडे आपणच निवडायचे असतात. मग बरेच जण घरच्यांचे वाढदिवस लिहितात. तारीख 31 च्या पुढे जातच नाही. त्यामुळे 32 पासूनचे आकडे बिचारे मागे राहतात!

आणि काही हुशार लोक म्हणतात, आम्ही कसेही आकडे घेऊ. तेही जमत नाही बरं का!

ऐक. 14 जानेवारी 1995, ब्रिटनची लॉटरी. 49 मधले 6 आकडे ओळखायचे. निघाले 7, 17, 23, 32, 38, 42. कसे विस्कटलेले दिसतात ना! असे सहा-सहाचे गट जवळजवळ 1 कोटी 40 लाख होतात. मग नेमका हाच गट कितीजणांनी लिहिला असेल? एकानं? दोघांनी?

तब्बल 133 जणांनी! दीड कोटीहून जास्त पौंडांचं बक्षीस, आणि त्याचे 133 वाटे! तिकिटावर हे आकडे मधल्या भागात छान अंतर राखून बसले होते. 'कसेही' निवडताना सगळे असंच अंतर राखतात. मग सगळ्यांचं 'कसंही' सारखंच होतं!

1 डिसेंबर 2020 ला दक्षिण आफ्रिकेच्या लॉटरीत तर कहरच झाला. 5, 6, 7, 8, 9 आणि शेवटी 10! लोक ओरडले, लबाडी आहे! पण डब्यातल्या 6 ला कुठे ठाऊक, 5 आत्ताच बाहेर पडला ते? आणि ही ओळ 20 जणांनी चक्क लिहिली होती!

आता तू कर. मित्रांना 1 ते 49 मधले कुठलेही 6 आकडे लिहायला सांग. 23-24 असे शेजारी कितीजणांनी घेतले ते मोज. मग 49 चिठ्ठ्यांतून खरोखर सहा-सहा काढ, परत टाकून पुन्हा पुन्हा. जवळजवळ निम्म्या वेळा शेजाऱ्यांची एक तरी जोडी निघेल!