कुंपण मोडतं ते जमिनीलगत

म्हैसूरच्या दक्षिणेला कबिनीकाठी वसलेलं नंजनगूड बाहेरच्यांना माहीत असतं ते श्रीकंठेश्वराच्या देवळासाठी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या रसबाळे केळ्यासाठी. या तालुक्याचा एक भाग कालव्याखालच्या भाताचा आणि बागायतीचा, तर नैऋत्येची कड हेडियालच्या बाजूने थेट बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पाला भिडलेली. त्यामुळे एकाच तालुक्यात कुंपणाकडून दोन निरनिराळ्या अपेक्षा असतात. एकीकडे गावची गुरं आणि शेळ्या अडवायच्या, दुसरीकडे रानडुक्कर, चितळ आणि हत्ती. खर्च दोन्हीकडे मोठा. तरीही कुंपण घालायचं ठरलं की बोलणं होतं ते तारेच्या जाडीचं, काट्यांचं आणि खांबांच्या संख्येचं. तार जाड आणि खांब जवळजवळ असले की कुंपण भक्कम, हा समज आपल्याकडे कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत जितका घट्ट आहे तितकाच तिथेही. पण निकामी झालेलं कुंपण नीट तपासलं तर तार तुटलेली क्वचितच आढळते. कोपऱ्याचा खांब आत झुकलेला असतो, नाहीतर मधले खांब जमिनीच्या पातळीला कुजून मोडलेले असतात. कुंपणाचं आयुष्य या दोन जागी ठरतं, आणि नेमक्या याच दोन जागी आपण काटकसर करतो.

आधी कोपरा घेऊ. पाच पदरी कुंपणात प्रत्येक तार साधारण 100 किलोच्या ताणाने ओढली, तर कोपऱ्याच्या खांबावर एका दिशेने सुमारे 500 किलोचा ओढा रात्रंदिवस राहतो. मधल्या खांबांवर हा भार नसतो, कारण त्यांना दोन्ही बाजूंनी सारखाच ताण असतो. ते तारेला फक्त उंचीवर धरून ठेवतात. म्हणून मधले खांब दाट करून कोपरा सावरत नाही. कोपऱ्याला दुसऱ्या खांबाची जोड लागते. कुंपणाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर दुसरा जाड खांब, दोघांच्या वरच्या भागात घट्ट बसवलेला आडवा दांडा, आणि कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्या खांबाच्या माथ्यापर्यंत पिळून ताणलेली तिरकी तार. कोपऱ्याचा माथा आत झुकू लागला की दांडा तो भार दुसऱ्या खांबाच्या माथ्यावर टाकतो आणि तिरकी तार त्या माथ्याला मागे धरते. ही तार उलट्या कोनात बांधलेली पुष्कळदा दिसते. तशी बांधली तर ती काहीच काम करत नाही. या रचनेत कोपऱ्याचा खांब वर उपटला जाण्याकडे कल असतो, म्हणून तो साडेतीन-चार फूट खोल हवा. मधल्या खांबांना दोन-अडीच फूट पुरतात.

तार जितकी जाड तितकी बळकट, हेही अर्धंच खरं आहे. 2.5 मिलिमीटरची उच्च ताणशक्तीची पोलादी तार साधारण 600 किलोपर्यंत तग धरते; त्याच जाडीची मऊ तार 200 ते 250 किलोला तुटते. मऊ तार 4 मिलिमीटरची घेतली तर ती या बारीक तारेची जेमतेम बरोबरी करते, आणि वजन मात्र अडीच पट भरतं. ऋतूंचाही परिणाम होतो. पोलाद तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्ष भागांतले सुमारे 12 भाग वाढतं. डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला तर 100 मीटर तार 36 मिलिमीटरने कमी-जास्त होते. मऊ तार थंडीत ओढली गेली की कायमची लांबते आणि उन्हाळ्यात लोंबते. उच्च ताणशक्तीची तार मूळ लांबीवर परत येते. ही ये-जा होऊ द्यायची तर यू आकाराचे खिळे तारेवर चेपून बसवू नयेत, तार त्यांतून सरकली पाहिजे. तारेचं खरं आयुष्य जस्ताच्या थरात असतं आणि तो डोळ्यांना कळत नाही. हलक्या थराच्या तारेवर चौरस मीटरला 60-70 ग्रॅम जस्त असतं, भारी थराच्या तारेवर त्याच्या तिप्पट-चौपट. दुकानात दोन्ही सारख्याच चमकतात. दर विचारताना जस्ताचं वजनही विचारावं.

आता लाकूड. त्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत आणि त्यांनी होणारं नुकसानही सर्वांत मोठं आहे. लाकूड पाण्याने कुजतं असं आपण म्हणतो. कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल व हवा दोन्ही लागतात. फार खोल जमिनीत हवा पुरेशी नाही, बऱ्याच वर ओल टिकत नाही. दोन्ही एकत्र मिळतात जमिनीच्या पातळीच्या वर-खाली वीतभर पट्ट्यात, आणि वाळवीही तिथूनच चढते. खांब मोडतो तोही तिथेच, कारण बाजूने आलेल्या भाराचा सगळा जोर त्याच जागी पडतो. हे ध्यानात घेतलं की बरेच घरगुती उपाय का फसतात ते कळतं. बूड जाळून कोळसा केला की कीड लागत नाही असं म्हणतात. कोळशाचा थर पातळ असतो, त्याला भेगा पडतात आणि आतलं कच्चं लाकूड उघडंच राहतं; शिवाय खांब जळाला तितका बारीक होतो. जळकं इंजिन तेल फासलं तर ते पृष्ठभागात मिलिमीटर-दोन मिलिमीटर मुरतं, पहिल्या उन्हात लाकूड तडकलं की त्याच तडकेतून ओल आत जाते, आणि तेल मात्र शेताच्या मातीत उतरतं. काँक्रीटमध्ये रोवलेला लाकडी खांब अमर होतो, हा सर्वांत महागडा समज. ओलं-सुकं होताना लाकूड फुगतं आणि आक्रसतं, काँक्रीट तसं करत नाही. दोहोंत फट पडते, तीत पाणी साचतं आणि खांब जणू वाटीत उभा राहतो. त्यापेक्षा खड्ड्याच्या तळाशी खडी घालावी आणि सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम किंवा माती धुमसाने घट्ट ठोकावी. तांबड्या मातीत एवढ्याने भागतं. नदीकाठच्या काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडून खांब हलतो, म्हणून तिथे भरावाला मुरूमच घ्यावा, आणि माथ्याशी मातीचा उतार खांबापासून बाहेर काढावा.

सागाचा खांब म्हणजे चिंता मिटली, ही समजूतही तपासून घ्यावी. टिकाऊपणा सागाच्या गाभ्यात असतो. बाहेरचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी इतर कुठल्याही झाडाइतकंच नाशवंत. कोवळ्या, बारीक सागाच्या खांबात गाभा थोडाच असतो, म्हणून सागाचा भाव मोजून घेतलेला खांब चार-पाच वर्षांत मोडला तर नवल नाही. उलट हे फिकट लाकूड कुजणं रोखणारं औषध सहज शोषून घेतं. तेव्हा निलगिरी किंवा सुरूचा गोल खांब, औषध नीट मुरवलेला असेल तर, कोवळ्या सागाहून कितीतरी सरस ठरतो. म्हैसूर भागात निलगिरीची वाण नाही. तिथली जात 'म्हैसूर गम' म्हणून देशभर गेली. औषधाचा इतिहासही आपलाच आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण सिद्ध केलं, आणि पुढे जगभरच्या विजेच्या व टेलिफोनच्या खांबांना तेच वापरलं गेलं. आर्सेनिकवर आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत निवासी वापरातून हे मिश्रण 2003 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेलं मिश्रण मिळतं, ते घ्यावं. आणि औषध मुरवलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत, कारण ती राख विषारी असते. बंद टाकीत दाबाखाली औषध मुरवणं उत्तम. ते जमत नसेल तर नुकत्याच तोडलेल्या, साल काढलेल्या ओल्या खांबाचं बूड द्रावणाच्या पिंपात उभं ठेवतात. वरच्या टोकाकडून रस सुकत जातो तसं द्रावण आत ओढलं जातं. सुकलेल्या खांबाला ही पद्धत लागू पडत नाही. अमावस्येला तोडलेलं लाकूड किडत नाही असं कोकणात आणि कर्नाटकातही मानतात. भुंगेरे ज्या पिष्टमय अंशासाठी लाकूड पोखरतात त्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांतली तोड चांगली. तिथीचा हिशेब त्यात धरायची गरज नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नंजनगूडकडूनच येईल. शेजारी चामराजनगरचा ग्रॅनाइट असताना लाकूड हवंच कशाला? दगडी खांबाला वाळवी लागत नाही, बुरशी लागत नाही, आणि त्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. आक्षेप निम्मा खरा आहे. सरळ ओळीतल्या मधल्या खांबांसाठी दगड उत्तमच. पण दगड दाबाला जितका कणखर तितका वाकण्याला कमजोर. त्याच आकाराच्या चांगल्या लाकडाची वाकण्यातली ताकद ग्रॅनाइटच्या चौपट-पाचपट भरते, आणि बैलाची धडक बसली किंवा फांदी पडली तर लाकूड लवून परत येतं, दगड एका फटक्यात दुभंगतो. कोपऱ्याला, फाटकाला आणि वळणांवर सतत एका बाजूचा ओढा असतो, तिथे बारीक दगडी खांब उभा करणं म्हणजे त्याच्या उणिवेवरच भार टाकणं. सिमेंटच्या स्वस्त खांबांचंही तसंच. आतली सळई कडेच्या फार जवळ असेल तर ती गंजते, फुगते आणि सिमेंट फोडते. मधे दगड आणि कोपऱ्यांना औषध मुरवलेलं जाड लाकूड, अशी मिसळण मला तिथे सर्वांत शहाणपणाची वाटते.

हेडियालच्या बाजूचा शेतकरी म्हणेल की हत्तीपुढे हे सगळं फोल आहे. बरोबर आहे. साध्या तारेच्या कुठल्याही कुंपणाने हत्ती अडत नाही. त्यासाठी कर्नाटकाने जंगलाच्या कडेला जुन्या रेल्वे रुळांचे अडथळे उभे केले, आणि डिसेंबर 2018 मध्ये नागरहोळेत असाच अडथळा ओलांडताना एक हत्ती अडकून मेला. शेतकऱ्याच्या हाती उरतं ते सौर कुंपण, आणि त्याबद्दलचा एक गैरसमज जीवघेणा आहे. झटका तो झटका, मग झटका देणाऱ्या यंत्राऐवजी तारेत घरची वीज सोडली तर काय बिघडलं, असं काहींना वाटतं. प्रमाणित यंत्र सेकंदाला फार तर एक झटका देतं, तोही दहा मिलीसेकंदांहून कमी वेळ, म्हणून प्राण्याला मागे सरता येतं. घरच्या 230 व्होल्टच्या प्रवाहाला खंड नसतो. स्नायू आखडतात आणि सुटका होत नाही. त्यात हत्ती मरतो, तसा पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. हत्ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा पुढे तुरुंगही आहे.

सौर कुंपणातही हत्ती आधी खांब ओळखतो. सुळ्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तो सुळ्याने तार तोडतो किंवा खांब ढकलतो. याच कारणाने तारेच्या आत, हत्तीच्या आवाक्याबाहेर खांब ठेवण्याची किंवा उंच खांबांवरून तारा लोंबत सोडण्याची पद्धत आली. दांडेलीकडून 2002 मध्ये हत्ती सिंधुदुर्गात उतरले, तेव्हापासून दोडामार्ग आणि पुढे चंदगड-आजऱ्याच्या शेतकऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. अशा कुंपणाची भूतार (अर्थिंग) उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीत नीट लागत नाही, म्हणून जमिनीत ठोकायच्या सळया एकीऐवजी तीन-चार हव्यात आणि त्या ओल असलेल्या जागी हव्यात. पावसाळ्यात उलट होतं: वाढलेलं गवत खालच्या तारेला टेकतं आणि झटका त्यातून जमिनीत निघून जातो. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला त्या पट्ट्यातलं गवत कोण कापणार, आणि कोपऱ्याच्या खांबांचं बूड पहारेने टोचून कोण पाहणार, हे शेजाऱ्यांनी मिळून यंत्राचे पैसे भरण्याआधी ठरवायला हवं.