पोरगी मानसशास्त्र घेते म्हणते

बारावीचा निकाल लागला की धरणगावच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोलीस भरती, नर्सिंग, आय.टी.आय., डी.एड. ही नावे आईबापांच्या ओळखीची आहेत. पण कलाशाखेची एखादी मुलगी मध्येच म्हणते, "आबा, मला मानसशास्त्र घ्यायचंय." आबा गप्प बसतात. आजी मात्र विचारतेच, "म्हणजे तू येडासना दवाखानामा काम करशी का?"

आजीला हसू नये. मनाचे दुखणे म्हणजे वेड आणि वेड म्हणजे येरवडा, हेच तिने जन्मभर ऐकले. राज्यात सरकारची जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात त्यांतले एकही नाही. म्हणून आपल्याकडे मनाने खचलेला माणूस आधी भगताकडे जातो, मग मोठ्या देवाला जातो, आणि पैसा संपल्यावर कोणीतरी डॉक्टरचे नाव सुचवतो. तोवर दोन-तीन वर्षे गेलेली असतात.

२०१५-१६ साली देशात मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार असल्याचे तीत आढळले. म्हणजे धरणगावच्या कोणत्याही गल्लीत उभे राहिलात तरी अशी घरे दिसतील. यातले फार थोडे लोक 'वेडे' असतात. बाकीचे रात्र रात्र न झोपणारे, दारूत बुडालेले, बाळंतपणानंतर कोपऱ्यात बसून रडणारे, कर्जाने आणि नापासाने घाबरलेले. त्यांना दवाखान्यात डांबायचे नसते. त्यांच्याशी कसे बोलावे आणि कोणाला कोणाकडे पाठवावे, हे जाणणारे माणूस त्यांना जवळ हवे असते. पोरगी जे शिकू म्हणते ते हेच काम आहे.

या कामाला आता कायद्यात जागा मिळाली आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत 'वर्तनविषयक आरोग्य' असा एक गट आहे. 'मानसिक आरोग्य' या शब्दापेक्षा हा शब्द अधिक पसंत असल्याचेही तेथेच नोंदवले आहे. आम्हाला हे बरे वाटले. 'मानसिक' म्हटले की आपल्या लोकांची मान खाली जाते, वागणुकीबद्दल बोलायला कोणी लाजत नाही. या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, एच.आय.व्ही. व कुटुंबनियोजनाचे सल्लागार, दवाखान्यातले समाजकार्यकर्ते असे सगळे येतात.

पण त्या कायद्याचा दुसरा परिणाम कष्टकरी घरांना थेट लागणारा आहे, आणि तो अजून सर्वांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. कामधंदा सांभाळून बाहेरून मानसशास्त्राची पदवी घेण्याची सोय पुष्कळांनी वापरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती सोय थांबवली. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्रही आले, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवू नयेत आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश देऊ नयेत, असे त्याने विद्यापीठांना कळवले. बाहेरून बी.ए. इतिहासात किंवा मराठीत करता येईल, मानसशास्त्रात नाही. तेव्हा "घरी बसून मानसशास्त्रज्ञ व्हा" असे सांगणारा कोणी दारी आला, तर पैसे देण्याआधी अनुदान आयोगाचा हा आदेश त्याच्यापुढे धरा.

निर्णय कडक आहे. शेतमजुराच्या, हमालाच्या घरातली मुले त्यामुळे मागे पडतील, ही भीती आम्हालाही वाटते. तरी त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. या कायद्याप्रमाणे पूर्ण दर्जाचा आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांचे शिक्षण लागते, आणि सहायक दर्जासाठी किमान २,००० तासांचे. रडणाऱ्या माणसासमोर कसे बसावे, हे टपालाने आलेल्या पुस्तकातून येत नाही.

मग जवळ काय आहे? धरणगाव रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावर आहे. एका बाजूला अमळनेर, दुसऱ्या बाजूला जळगाव. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही १९४५ पासूनची. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. म्हणजे पदवीसाठी पुण्याला जाण्याची गरज नाही, गाडीचा पास काढला तरी भागते. प्रवेश घेताना एकच प्रश्न नेमका विचारा: मानसशास्त्र हा मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत मिळतो की पहिल्या वर्षानंतर सोडावा लागतो? हे न विचारल्यामुळे मुले दुसऱ्याच विषयात पदवी घेऊन बाहेर पडतात.

दुसरी वाट समाजकार्याच्या पदवीची, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.ची. तिच्यात आठवड्याचे ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असते: वस्तीत, शाळेत, दवाखान्यात. बोलक्या, माणसांत रमणाऱ्या मुलामुलींना ही वाट अधिक जमेल असे आमचे मत आहे. आपल्या वस्त्यांत वाढलेल्या मुलाला दारू पिणाऱ्या बापाच्या घरात काय चालते हे पुस्तकाआधीच ठाऊक असते. तेवढ्यावर भागत नाही हे खरे, पण अशा घराचे दार त्याला लवकर उघडते.

मानसशास्त्राचा अभ्यास मात्र सोपा समजू नये. 'मन ओळखण्याची विद्या' म्हणून आलेली मुले पहिल्याच वर्षी दचकतात. त्यात मेंदू आणि मज्जासंस्था आहे, स्मरण आणि प्रेरणा आहे, पुढे अपसामान्य मानसशास्त्र आहे. प्रयोगवही लिहावी लागते. आणि संख्याशास्त्र आहे! गणित टाळण्यासाठी कलाशाखेला गेलेल्यांना सरासरी आणि प्रमाण विचलन येथे पुन्हा भेटते. परीक्षा मराठीत देता आली तरी पुढची चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी, तिसऱ्या वर्षी ती लागत नाही.

आता नोकरीचे. येथे कोणी फसवू नये म्हणून स्पष्ट लिहितो. नुसत्या बी.ए.ने दारावर 'मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावून उपचार करता येत नाहीत. औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. म्हणजे पदवी ही पहिली पायरी आहे. घराने पाच-सहा वर्षांची तयारी ठेवली तर मुलगी शेवटपर्यंत जाईल. तीन वर्षांनी लग्न ठरवायचे मनात असेल तर ते आताच तिच्याशी बोलावे. मधल्या पायऱ्यांवरही काम आहे. सरकारी दवाखान्यांतील एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांत समुपदेशक असतात, व्यसनमुक्ती केंद्रांना माणसे लागतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालते आणि दारूतून बाहेर आलेली माणसेच तेथे इतरांना हात देतात. सरकारी केंद्रांतल्या नोकऱ्या पुष्कळदा कंत्राटी असतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पैशाचे म्हणाल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची माफी आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तीन कामे निकालाआधीच करून ठेवा. निकालानंतर तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात जी रांग लागते, तिच्यात अर्जाची मुदत निघून जाते.

ज्या घरात आजच कोणी खचून बसले आहे, त्याने मुलीची पदवी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येते.