तीन जिल्ह्यांत वाटली गेलेली साथ

नांदगाव तालुका नाशिक जिल्ह्याचा, पण शेजार जळगावातल्या चाळीसगावचा आणि छत्रपती संभाजीनगरातल्या वैजापूर-कन्नडचा. शिवाय तालुक्यातल्या मनमाडला मुंबई, भुसावळ, दौंड आणि संभाजीनगरकडचे लोहमार्ग एकत्र येतात. समजा, इथल्या तीन मुलांना एकाच आठवड्यात तापात झटके आले. एकाला मालेगावला नेतील, दुसऱ्याला चाळीसगावला, तिसऱ्याला वैजापूरला. प्रत्येक डॉक्टरपुढे एकेकच रुग्ण, आणि एका रुग्णाला कोणी साथ म्हणत नाही. आपल्या रोगसर्वेक्षणातली मोठी फट हीच आहे. नव्या प्रयोगशाळा हव्यातच, पण त्यांनी ती बुजणार नाही. मुलांना असा झटक्यांचा ताप आणणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्येच नागपूरच्या रुग्णांत सापडला होता. तरी २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. हा आजार दीड-दोन दिवसांत जीव घेतो. अहवाल येईपर्यंत मूल हाती राहत नाही. वाचू शकते ते पुढचे मूल, आणि तेही हा विषाणू पसरवणाऱ्या, भिंतींच्या भेगांतल्या वालुमाशीवर वेळेत फवारणी झाली तर. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाच भागातले आणि ठरावीक रुग्णालयांतले होते, म्हणून संख्या पटकन डोळ्यांत भरली. ती सोय नांदगावला नाही.

एकात्मिक रोगसर्वेक्षण २००४ पासून आहे, आता त्याचे पोर्टलही आहे. मग अडचण कुठे, असे कोणी म्हणेल. पोर्टलवर दिसते ते कोणी भरले तर. तापाचा रुग्ण आधी गाठतो खासगी दवाखाना, आणि तिथे ओपीडीच्या गर्दीत नोंद मागे पडते. आशाताईंवर आणखी एक रजिस्टर लादणे हा त्यावर उपाय नव्हे. डॉक्टरने आरोग्य अधिकाऱ्याला एक फोन केला तरी पुरे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: उठसूट इशारे दिले तर घबराट माजेल. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लोकांनी कोंबडी खाणेच सोडले आणि दूरदूरचे पोल्ट्रीवाले बुडाले. पण यातून निघतो तो धडा लपवाछपवीचा नाही. पहिली शंका अधिकाऱ्यांतच राहावी, तिची तपासणी लगेच व्हावी आणि पक्षी मारावे लागले तर भरपाई वेळेवर मिळावी. नाहीतर पुढच्या वेळी मेलेली कोंबडी गुपचूप पुरली जाईल.

म्हणून नांदगाव, मालेगाव, चाळीसगाव, वैजापूर आणि कन्नडच्या आरोग्य व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्ह्याच्या अहवालाची वाट न पाहता दर आठवड्याला आपापले आकडे एकत्र मांडावेत. याला इमारत लागत नाही, तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश लागतो. वालुमाशी पावसाळ्यात वाढते. आदेश त्याआधी निघायला हवा.