दोन चेंडू आणि एक डोळा

दोन्ही हातांत एकेक पेन्सिल घ्या. हात छातीसमोर लांब करा आणि एका पेन्सिलीचे टोक दुसरीच्या टोकाला चटकन भिडवून पाहा. हे काम सहज साधेल. आता एक डोळा घट्ट मिटून घ्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा. टोके एकमेकांना चुकतील. एक पुढे जाईल, दुसरे मागे राहील. पेन्सिली तर स्पष्ट दिसत आहेत, उजेडही तेवढाच आहे. मग हरवले ते काय?

एक डोळा गेला म्हणजे जगाचा निम्मा भाग अंधारात गेला, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. बाजूची थोडी दृष्टी कमी होते हे खरे. परंतु समोरचे जग एका डोळ्यालाही जवळजवळ सगळे दिसते. हरवते ते अंतराचे ज्ञान. समोरची वस्तू किती दूर आहे, हे जे आपल्याला विचार न करता कळत असते, ते कळेनासे होते. आता अशी कल्पना करा की, ती वस्तू स्थिर नसून वेगाने अंगावर येणारा चेंडू आहे आणि तो तुम्हांला बॅटीने मारावयाचा आहे. ही निव्वळ कल्पना नव्हे. मन्सूर अली खान पतौडी यांनी अशाच स्थितीत भारताकडून शेहेचाळीस कसोटी सामने खेळून दाखविले. ते त्यांना कसे साधले, हे समजून घेण्यासारखे आहे.

पतौडी यांचा जन्म ५ जानेवारी १९४१ रोजी भोपाळ येथे झाला. वडील इफ्तिखार अली खान हे इंग्लंड आणि भारत ह्या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळलेले. मुलाच्या अकराव्या वाढदिवशीच, १९५२ साली, पोलो खेळताना त्यांचा मृत्यू झाला. पुढे मुलाचे शिक्षण इंग्लंडात झाले आणि तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाचा नायक झाला. १९६१ च्या हंगामात यॉर्कशायरसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने दोन्ही डावांत शतके काढली, तेव्हा हा तरुण फार मोठा फलंदाज होणार, ह्याविषयी जाणकारांना शंका उरली नव्हती.

१ जुलै १९६१ रोजी होव्ह येथे ससेक्सविरुद्धचा दिवसाचा खेळ संपला. संध्याकाळी जेवण आटोपून खेळाडू मुक्कामी परतत होते. बहुतेक जण पायी निघाले. पतौडी एका लहान मोटारीत बसले. वाटेत दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली आणि समोरच्या काचेचा एक तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला. शस्त्रक्रिया झाली, परंतु त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली ती गेलीच. त्या वेळी त्यांचे वय होते वीस वर्षांचे.

पतौडी यांनी आपल्या आत्मचरित्रात ह्या काळाविषयी लिहिले आहे. तांब्यातून पेल्यात पाणी ओतावे, तर ते टेबलावर पडत असे. पेला दिसत होता, तांब्याही दिसत होता. त्या दोहोंमधील अंतर मात्र दिसत नव्हते. ज्याला स्थिर पेल्यात पाणी ओतता येत नाही, त्याने गोलंदाजापुढे उभे राहावे, ही गोष्ट कोणालाही वेडेपणाची वाटली असती. तरीही काही आठवड्यांतच ते सरावासाठी जाळीत उतरले.

हे धाडस सफल का झाले, ते कळण्यासाठी आपण अंतर कसे ओळखतो, ते प्रथम पाहू. आपल्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूची किंचित वेगवेगळी दोन चित्रे दोन दृष्टिपटलांवर उमटतात. मेंदू ही दोन्ही चित्रे एकत्र जुळवितो आणि त्यांतील फरकावरून वस्तू जवळ आहे की दूर, हे ठरवितो. परंतु हा फरक जवळच्या वस्तूंच्या बाबतीत मोठा असतो आणि दूरच्या वस्तूंच्या बाबतीत अगदी सूक्ष्म. दोन मीटरांवरील चेंडूकडे पाहताना दोन डोळ्यांच्या दृष्टिरेषांमध्ये जवळजवळ दोन अंशांचा कोन होतो. तोच चेंडू वीस मीटरांवर असताना हा कोन अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असतो. म्हणूनच पेल्यात पाणी ओतणे, सुईत दोरा ओवणे, पायरीवर पाऊल टाकणे ही हाताजवळची कामे एका डोळ्याच्या माणसाला सुरुवातीस फार जड जातात.

दूरच्या अंतरासाठी मेंदूजवळ दुसरीही साधने असतात आणि त्यांना एक डोळा पुरतो. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. ओळखीची वस्तू लहान दिसली तर ती दूर आहे, असे आपण समजतो. आपण मान किंचित हलविली की जवळच्या वस्तू अधिक सरकल्यासारख्या दिसतात आणि दूरच्या कमी. अंगावर येणारी वस्तू तर क्षणोक्षणी मोठी होत जाते. अंतर निम्मे झाले की ती दुप्पट दिसते. ती किती झपाट्याने मोठी होत आहे, ह्यावरून ती केव्हा येऊन पोहोचेल, ह्याचा अंदाज बांधता येतो. हे सगळे हिशेब आपला मेंदू नित्य करीतच असतो. परंतु दोन डोळे शाबूत असताना त्यांच्यावर भिस्त ठेवण्याची पाळी क्वचितच येते.

आता खेळपट्टीकडे वळू. तिची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सुमारे वीस मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापाशी पोहोचावयास अर्धा सेकंदच लागतो. एवढ्या अवधीत चेंडूकडे शेवटपर्यंत पाहून मग फटका ठरविणे कोणालाच शक्य नसते. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड ह्या संशोधकांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढून २००० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलंदाज आरंभापासून अखेरपर्यंत चेंडूवर नजर खिळवून ठेवीत नाही, असे त्यांना आढळले. चेंडू हातून सुटताना तो पाहतो. मग त्याची नजर झेप घेऊन चेंडू जेथे टप्पा घेईल, त्या जागी आधीच जाऊन थांबते. टप्प्यानंतर क्षणभर तो पुन्हा चेंडूचा मागोवा घेतो. खेळाडू जितका निष्णात, तितकी ही झेप लवकर घेतली जाते. आणि अगदी अखेरच्या सुमारे पंचमांश सेकंदात नवे काही दिसले, तरी त्यानुसार फटका बदलण्यास वेळच उरलेला नसतो.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. दोन डोळ्यांचा सर्वांत अधिक उपयोग होतो तो चेंडू अगदी जवळ आल्यावर. परंतु फटक्याचा निर्णय तर त्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. म्हणजे एका डोळ्याच्या फलंदाजाचे नुकसान मोठे असले, तरी ते सर्वस्वी नव्हे. पेल्यात पाणी ओतू न शकणारा माणूस चेंडू मारू शकेल, ह्या वरकरणी विपरीत दिसणाऱ्या गोष्टीचे एक कारण हेच असावे.

हे नवे संशोधन त्या वेळी झालेले नव्हते. पतौडी यांना जे शिकावयाचे होते, ते मैदानावर चुका करीतच शिकावे लागले. १९६१ च्या अखेरीस इंग्लंडचा एम. सी. सी. संघ भारतात आला. त्याच्याविरुद्ध हैदराबाद येथे झालेल्या सामन्यात पतौडी उजव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून फलंदाजीस उतरले. त्या काचेमुळे दुखावलेल्या डोळ्याला बरेचसे दिसू लागले होते. परंतु लाभाऐवजी निराळेच संकट उभे राहिले. दोन डोळ्यांची चित्रे एकमेकांशी जुळली नाहीत, तर मेंदू त्यांचे एक चित्र करू शकत नाही. पतौडी यांना एकाऐवजी दोन चेंडू येताना दिसू लागले, काही इंचांच्या अंतराने! त्यांतील आतला चेंडू खरा मानून त्यांनी चहापानापर्यंत पस्तीस धावा काढल्या. नंतर त्यांनी ती लेन्स काढून ठेवली, तो डोळा मिटून घेतला आणि सत्तर धावांपर्यंत मजल मारली.

माझ्या मते ह्या सर्व कथेतील निर्णायक क्षण तो हाच. गेलेली दृष्टी थोडीफार परत मिळाली असताना ती आपण होऊन दूर सारणे, हे सोपे नसते. परंतु अर्धवट दिसणारा डोळा चांगल्या डोळ्याचीही फसवणूक करीत होता. पतौडी यांनी ते ओळखले आणि एकाच डोळ्यावर खेळण्याचे ठरविले. पुढे उजव्या डोळ्याचे अंधुक चित्र मध्ये येऊ नये, म्हणून ते टोपी त्या डोळ्यावर खाली ओढून खेळत. उभे राहण्याची ढबही त्यांनी बदलली. जुनी फलंदाजी जशीच्या तशी परत आणण्याचा हट्ट सोडून त्यांनी राहिलेल्या साधनांवर नवी फलंदाजी रचली.

तिचे फळ लवकरच दिसले. डिसेंबर १९६१ मध्ये, म्हणजे अपघातास सहा महिने होण्यापूर्वीच, त्यांनी दिल्ली येथे पहिला कसोटी सामना खेळला. कलकत्त्याच्या सामन्यात त्यांनी ६४ आणि ३२ धावा काढल्या आणि मद्रासच्या सामन्यात १०३. इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका भारताने प्रथमच जिंकली, ती ह्याच वेळी.

लगेच संघ वेस्ट इंडीजला गेला. नारी कॉन्ट्रॅक्टर कर्णधार होते आणि पतौडी उपकर्णधार. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि त्यांची कवटी फुटली. समोर एक खिडकी कोणीतरी उघडली आणि त्या क्षणी आपले लक्ष विचलित झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या फलंदाजाला एका क्षणाच्या अनवधानाने प्राणांशी गाठ पडली! त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघनायक फ्रँक वॉरेल होते, तसेच पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, एवढेच नव्हे तर पुढे प्रथम दर्जाचे सामनेही पुन्हा खेळले. परंतु कसोटी संघात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. त्यांच्या जागी पतौडी कर्णधार झाले, वयाच्या एकविसाव्या वर्षी.

ह्या दोघांच्या कथा शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला वाटते. धैर्य दोघांनीही दाखविले. परंतु एकाला अभिप्रेत असलेले सर्व मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. इच्छाशक्ती असली की काहीही साध्य होते, हे वाक्य आपण निबंधांत फार सहज लिहितो. ते पुरते खरे नाही आणि दुखापतीशी झगडणाऱ्या माणसावर ते अन्यायही करते. कारण तो परतू शकला नाही, तर त्याची इच्छाशक्तीच कमी पडली, असा त्याचा अर्थ होतो. दुखापत कोणती, ती कोठे झाली, खेळाला त्या अवयवाची गरज किती, उपचार कसे मिळाले आणि पुन्हा संधी देणारा कोणी भेटला की नाही, ह्या सर्वांवर परतणे अवलंबून असते.

पतौडी यांच्याही पदरी सर्व काही पडले, असे नाही. १९६४ मध्ये दिल्ली येथे त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. १९६७ मध्ये लीड्स येथे भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली असता त्यांनी १४८ धावा काढल्या; त्या डावात अजित वाडेकर यांनी ९१ धावा केल्या आणि भारताची धावसंख्या ५१० वर गेली. सामना मात्र हातचा गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्न येथे पाय दुखावलेला असताना त्यांनी ७५ आणि ८५ धावा काढल्या. १९६८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये परदेशातील पहिली मालिका जिंकली. १९७१ मध्ये कर्णधारपद वाडेकर यांच्याकडे गेले. पतौडी पुढे वाडेकरांच्या हाताखालीही खेळले आणि १९७५ मध्ये निवृत्त झाले. शेहेचाळीस सामन्यांत, त्यांपैकी चाळीस सामन्यांत कर्णधार म्हणून, त्यांनी सहा शतकांसह २७९३ धावा केल्या, सरासरी ३४.९१. दोन डोळ्यांनी ते कोठवर गेले असते, हा प्रश्न क्रिकेटप्रेमी २०११ साली त्यांचे निधन झाल्यानंतरही विचारीत राहिले. त्याला उत्तर नाही.

परंतु त्यांनी केलेल्या कामातून घेण्यासारखे बरेच आहे. हानी झाल्यावर माणूस दोन चुका करतो. एक तर काहीच झाले नाही असे मानून पूर्वीप्रमाणेच धावू पाहतो आणि पुन्हा पडतो. नाहीतर सर्वस्व गेले असे मानून स्वस्थ बसतो. ह्या दोहोंच्या मधली वाट अवघड असते. तीवर चालण्यासाठी नेमके काय गेले आणि नेमके काय उरले, ह्याचा हिशेब स्वच्छ मनाने मांडावा लागतो. मग उरलेल्याला नव्याने वळण लावावे लागते आणि त्या शिकवणीत टेबलावर पाणी सांडणारच. आपल्या वर्गांत पाय मोडून महिनोन्‌महिने खेळास मुकलेली मुले असतात, कमी दिसणारी, कमी ऐकू येणारीही असतात. त्यांच्याकडून पराक्रमाची अपेक्षा करण्याऐवजी, त्यांचा हा हिशेब नीट जुळावा म्हणून आपण त्यांना अवधी आणि संधी द्यावी. सांडलेल्या पाण्याकडे पाहून कोणी हसू नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.