आंबोलीत रंग मुरवावा लागतो

पावसाळाभर बंद असलेल्या आंबोलीतल्या एका बंगल्याचं दार गणपतीच्या सुमारास उघडलं, तेव्हा मी यजमानांच्या मागेच उभा होतो. आधी कुबट वास आला. मग दिवाणखान्यातला गर्द हिरवा वॉलपेपर दिसला, सांध्यांपाशी सुटून पापडासारखा वळलेला. प्लायवूडच्या कपाटाचं दार फुगून चौकटीत रुतलं होतं. हौसेनं केलेली सजावट एका पावसात निकालात निघाली होती. यजमान म्हणाले, "इथे भडक काही टिकत नाही. सगळं पांढरं करून टाकू."

मला हे पटलं नाही. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुकं खिडकीतून थेट आत येतं. त्या हिरवट, अर्धवट उजेडात पांढरी भिंत कळकट दिसते. तांबडा, पिवळा, गर्द निळा मात्र जिवंत राहतात. धीट रंग इथेच शोभतात. चुकलं ते रंग वरून चिकटवण्यात. चिकटवलेल्या थरामागे ओल कोंडते आणि बुरशीचं फावतं.

मुरलेला रंग शोधायला लांब जायला नको. जांभ्या दगडाचा तांबडेपणा त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच. तो आणखी काय गंजणार! खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. घरातली एक भिंत बिनगिलाव्याची ठेवा, दुसऱ्या सजावटीची गरज नाही. फक्त ती आतली हवी. झड अंगावर घेणारी नको, कारण जांभा पाणी पितो.

जमिनीला लाल कोबा. कोबा ओला असतानाच त्यावर सिमेंट आणि लाल ऑक्साइडचा पातळ थर देतात. गवंडी उकिडवा बसून लोखंडी थापीनं तो दाबत, घोटत मागे सरकतो. खोली संपेपर्यंत त्याला उठता येत नाही. मध्येच थांबला तर सांधा जन्मभर दिसतो. मग आठवडाभर पाणी, नंतर खोबरेलाचा हात. खरी चकाकी येते ती माणसांच्या वावरण्यानं. केसाएवढ्या भेगा पडतात, हे खरं. मला त्या खुपत नाहीत. एकसारख्या गुळगुळीत टाइल्सच जास्त खुपतात.

बाकीच्या भिंतींना चुना. तो ओल कोंडत नाही, आणि ताज्या चुन्याच्या क्षारामुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही. मात्र त्याच क्षारापुढे सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती, नीळ टिकतात. म्हणून जुन्या घरांत हेच रंग पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्या शेजारी फणसाचं लाकूड ठेवून बघा. ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं, वर्षं सरतात तसं तांबूस तपकिरी होत जातं.

आणि रंगसंगती जमत नसेल, तर घाट उतरून तीसेक किलोमीटरवर सावंतवाडीला जा. गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची लोप पावत चाललेली कला, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावरली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये ते रंगकाम पाहता येतं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा, असे १२० पत्ते. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, वर लाखेचा लेप. काळ्यावर पिवळा किती ठेवावा, लालाशेजारी हिरवा कितपत चालतो, हे चिताऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. खोलीत याच रंगकामाचं एखादं लाखेचं स्टूल किंवा चौरंग पुरे. दोन झाले की दुकान दिसतं.

रंगाचे नमुने मात्र मुंबई-पुण्यात ट्यूबलाइटखाली ठरवू नका. जुलैत आंबोलीला न्या, भिंतीला टेकवून आठ दिवस तिथेच ठेवा आणि मगच गवंड्याला बोलवा.